मिरजेचे धन्वंतरी : डॉ. वानलेस आणि मेरीबाई

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या दरम्यान वानलेसवाडी नावाची एक वस्ती आहे. आपल्या भागात वाड्यांना काही तोटा नाही. कोठे एखाद्या घराण्याच्या नावाची वाडी, कोठे देवाच्या नावाची, तर कोठे नुसत्या वडापिंपळाच्या नावाची. परंतु या एका वाडीचे नाव मात्र कानाला परके लागते. सात समुद्रांपलीकडून आलेल्या एका माणसाचे नाव मराठी मुलखातील वाडीला चिकटावे आणि लोकांनी ते आपल्या जिभेला वळवून घेऊन पिढ्यान्‌पिढ्या उच्चारावे, हा मान सहजासहजी कोणाला लाभत नाही. सरकारी हुकुमाने रस्त्यांना व चौकांना नावे देता येतात. पण ती लोकांच्या तोंडी बसतातच असे नाही. वानलेसवाडी हे नाव लोकांच्या तोंडी बसले, याचे कारण ज्यांचे ते नाव होते त्यांनी या मुलखाची चाळीस वर्षांच्या आसपास सेवा केली.

विद्यार्थी मित्रहो, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या आपल्या टापूतील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून पाहा. कोणाचे दुखणे विकोपाला गेले, गावच्या वैद्याने हात टेकले, म्हणजे रोग्याला मिरजेला नेत. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे गाव, मिरज म्हणजे मीरासाहेबांच्या दर्ग्याचे गाव. पण आपल्याकडील शेतकऱ्याच्या लेखी मिरज म्हणजे शेवटच्या आशेचे गाव होते. ही आशा तेथे कोणी आणून ठेवली, त्याची ही हकिकत आहे.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडा देशातील आँटॅरिओ प्रांतात झाला. वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी ते न्यूयॉर्क शहरी गेले आणि १८८९ साली तेथील विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर होऊन बाहेर पडले. त्या काळी अमेरिकेतील महाविद्यालयांत एक निराळेच वारे वाहत होते. १८८६ सालच्या उन्हाळ्यात तेथील विद्यार्थ्यांचे एक मोठे संमेलन भरले आणि त्यात शंभर तरुणांनी परदेशी जाऊन धर्मकार्य करण्याची प्रतिज्ञा केली. या चळवळीच्या अग्रभागी जो तरुण होता, तो रॉबर्ट वाइल्डर आपल्या कोल्हापुरात जन्मला होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. त्याचे वडील रॉयल वाइल्डर हे १८५२ साली कोल्हापुरास येऊन राहिलेले अमेरिकन मिशनरी. पंचगंगेच्या काठी ज्याचे बालपण गेले, त्या तरुणाच्या शब्दांनी अमेरिकेतील विद्यार्थी हिंदुस्थानचा विचार करू लागले होते. अशा वातावरणात वानलेस शिकत होते.

नवा पदवीधर डॉक्टर न्यूयॉर्कसारख्या शहरात राहिला असता तर नावलौकिक आणि पैसा ही दोन्ही त्याच्याकडे चालत आली असती. वानलेस यांनी तो मार्ग सोडला. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनने त्यांना पश्चिम हिंदुस्थानात पाठविण्याचे ठरविले. त्याच १८८९ साली मेरी मार्शल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि लग्नानंतर थोड्याच काळात हे दांपत्य हिंदुस्थानच्या वाटेला लागले. नव्या संसाराची पहिली वाट म्हणजे महासागराची वाट! वराचे वय चोवीस वर्षांचे. आपल्याकडे नवी सून माहेर सोडून पाचदहा कोस दूर गेली तरी तिच्या आईचे डोळे पाणावतात. येथे तर माहेर पुन्हा दिसेल की नाही याचीच शाश्वती नव्हती. त्या काळच्या मिशनऱ्यांना मायदेशी रजेवर जाण्याची संधी सात-आठ वर्षांनी एकदा येई, आणि हिवताप, पटकी, आमांश यांनी तोवर गाठले नाही तरच ती उपयोगी पडे.

आपल्या टापूला परदेशी धर्मोपदेशक नवे नव्हते. बेळगावात लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० सालीच बळ्ळारीहून येऊन राहिले होते. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, त्या ‘यमुनापर्यटना’चे कर्ते बाबा पदमनजी हे बेळगावात १८३१ साली जन्मले आणि तेथील मिशनच्या शाळेत शिकले. अमेरिकन मिशनची ठाणी कोल्हापूर, रत्नागिरी, पन्हाळा व सांगली येथे होती. पण या सर्व ठाण्यांवर शाळा होत्या, प्रार्थनामंदिरे होती. मोठी शस्त्रक्रिया करता येईल असे इस्पितळ मात्र नव्हते. वानलेस दांपत्याचा मुक्काम प्रथम सांगलीस पडला. तेथे त्यांनी एक लहानसा दवाखाना उघडला आणि त्याचबरोबर मराठीचे धडे गिरवावयास आरंभ केला.

भाषेचा हा मुद्दा मी जरा थांबून सांगतो, कारण आपण सीमेवरची माणसे आहोत. माझ्या घरी कोकणी बोलतात, वर्गात मी मराठी शिकवितो आणि बाजारात कानडी कानी पडते. त्यामुळे परकी भाषा जिभेवर बसविणे म्हणजे काय, याची मला थोडीशी कल्पना आहे. मिशनचा असा दंडक असे की, नव्या माणसाने येथील भाषा शिकून तिच्या परीक्षा द्यावयाच्या. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पदवीधराने पुन्हा पहिल्या इयत्तेतल्या मुलाप्रमाणे पंतोजींपुढे बसून ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद घोटावयाचा, यात अभिमानाला मुरड घालावी लागते. परंतु डॉक्टरला भाषेवाचून गत्यंतर नाही. पोटात कळ येते, कुरतडते, जळजळते, की नुसतेच जड वाटते, हे रोगी आपल्या मायबोलीतच सांगणार. दुभाष्या मध्ये बसला की निम्मे दुखणे त्याच्यापाशीच राहते. आणि मिरज-सांगलीच्या बाजूला एकटी मराठी येऊनही भागत नसे. कृष्णेच्या दक्षिणेकडून येणारे रोगी कानडी बोलत, तर दर्ग्याच्या परिसरातील पुष्कळांची बोली दखनी असे.

सांगलीतील दवाखान्याने लोकांची ओळख झाली, पण खरे कार्य घडावयाचे होते ते मिरजेस. मिरज निवडण्यामागे एक साधे व्यावहारिक कारण दिसते. पुण्याहून बेळगावकडे जाणारा दक्षिण मराठा रेल्वेचा लोहमार्ग नुकताच सुरू झाला होता आणि तो मिरजेवरून जात होता. १८९१ साली मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतचा फाटाही तयार झाला. सांगली शहराला मात्र रेल्वे मिळावयास आणखी कित्येक वर्षे लागली. ज्या काळी मोटार नव्हती, पक्क्या सडकाही थोड्याच होत्या, त्या काळी रोग्याला बैलगाडीत घालून चाळीस कोस नेणे म्हणजे त्याला वाटेतच संपविणे होय. आगगाडीने हे अंतर तोडले. बेळगावचा रोगी सकाळी गाडीत बसला की घटप्रभा, रायबाग मागे टाकून, कुडचीजवळ कृष्णा ओलांडून मिरजेला पोचे. निपाणीकडील माणसे बैलगाडीने चिकोडी रोडचे स्टेशन गाठीत, नाहीतर कोल्हापुरास जाऊन तेथून गाडी धरीत.

१८९२ च्या सुमारास वानलेस दांपत्य मिरजेस आले आणि १८९४ साली तेथील इस्पितळ उघडले. इमारतीसाठी पैसा दिला तो फिलाडेल्फिया शहरातील जॉन कॉन्व्हर्स या धनिकाने. हे गृहस्थ आगगाडीची एंजिने बांधणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे एक मालक होते. ज्याने एंजिने विकून पैसा मिळविला, त्याच्या देणगीतून आगगाडीच्या जंक्शनावर इस्पितळ उभे राहिले, हा एक मोठा मनोज्ञ योगायोग होय.

इमारत उभी करणे सोपे. तिच्यात माणसे आणणे कठीण. आज आपणांस इस्पितळात जाण्याचे काही वाटत नाही. त्या काळी लोकांच्या मनात भय होते की, तेथे गेलेला माणूस परत येत नाही. त्यातून ते गोऱ्या साहेबाचे आणि वर धर्मप्रचारकाचे. तेथले पाणी प्यावे तर जात जाईल, औषध घ्यावे तर धर्म जाईल, अशी शंका. शस्त्रक्रियेविषयी तर बोलावयासच नको. मोतीबिंदू झाला तर गावोगाव हिंडणारे वैदू सुईने तो डोळ्यातल्या डोळ्यात आत ढकलीत. रोग्याला क्षणभर दिसू लागे, वैदू पैसे घेऊन पुढच्या गावी जाई आणि मागे पुष्कळदा डोळा कायमचा जाई. अशा अनुभवांनी पोळलेला शेतकरी सुरीखाली आपण होऊन कसा यावा?

परंतु आंधळ्याला दिसू लागणे ही गोष्ट कोणाला पटवून द्यावी लागत नाही. हात धरून आणलेली म्हातारी आपल्या पायांनी गावात परत आली, तिने नातवाचे तोंड पाहिले, की शंभर प्रवचनांनी झाले नसते ते काम होई. पुढच्या आठवड्यास त्याच गावचे दोघे-तिघे मिरजेच्या गाडीत बसत. मोतीबिंदू, मुतखडा, पोटातील गाठी, जळलेले व मोडलेले अवयव यांवर वानलेस यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या आणि निष्णात शस्त्रवैद्य म्हणून त्यांची कीर्ती देशभर पसरली. लिस्टर या इंग्रज शस्त्रवैद्याने जंतुनाशकांचा मार्ग दाखविल्याला तेव्हा पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. हात धुण्याची, हत्यारे उकळण्याची, जखमेला माशी बसू न देण्याची शिस्त जेथे कडकपणे पाळली जाते, तेथेच शस्त्रक्रिया तारते. एरवी तीच मारते. मिरजेच्या यशाचे मर्म केवळ एका माणसाच्या हस्तकौशल्यात शोधावयाचे नसून या रोजच्या, कंटाळवाण्या भासणाऱ्या शिस्तीत शोधावयाचे आहे.

आता या दांपत्याचा दिनक्रम कसा असे ते पाहू. मिशनच्या इस्पितळातील दिवस प्रार्थनेने उजाडत असे. औषधासाठी आलेली माणसे ओसरीवर बसलेली असत; त्यांच्यापुढे बायबलातील एखादा उतारा मराठीत वाचला जाई, दोन शब्द सांगितले जात, एखादे पद म्हटले जाई. नंतर रोगी तपासणे, खाटांवरून फेरी मारणे, शस्त्रक्रिया. रोग्याच्या बरोबर अर्धे घर येई. त्यांच्या चुली पेटत, भाकऱ्या थापल्या जात, कारण पुष्कळजण इस्पितळाचे अन्न घेत नसत. असल्या इस्पितळांच्या आवारांत जातिपरत्वे वेगळाल्या चुली चालू द्याव्या लागत. डॉक्टरने यावर वाद घालीत बसण्यात अर्थ नव्हता. रोगी बरा होणे महत्त्वाचे. तरीही एका छपराखाली, ओळीने मांडलेल्या खाटांवर, ब्राह्मण आणि महार, मुसलमान आणि लिंगायत शेजारी शेजारी निजत, एकच सुरी व एकच मलमपट्टी सर्वांना लागे. व्याख्यानावाचून जातिभेदाचा एक कोपरा अशा रीतीने ढासळत होता.

पैशाच्या बाबतीतही या इस्पितळाची एक रीत होती. ज्याला ऐपत आहे त्याने फी द्यावी, संस्थानिक व सावकार यांनी भरपूर द्यावी, आणि त्यातून गरिबाचा खर्च चालावा. परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर सदासर्वकाळ विसंबून न राहता संस्थेने आपल्या पायांवर उभे राहावे, हा त्यामागील हेतू.

मेरीबाईंच्या दिवसाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष कमी गेले. त्या काळच्या मिशनच्या वहीत पत्नीचे नाव पतीच्या नावाच्या सावलीत लिहिले जाई, आणि कामाची वाटणी अशी असे की, जे काम कोणाच्याच नावावर नाही ते पत्नीच्या वाट्यास येई. मिशनऱ्याच्या पत्नीने घर सांभाळावयाचे. त्या घरी येणारा जाणारा पाहुणा सांभाळावयाचा. मंडळीतील स्त्रियांना लिहावाचावयास आणि शिवणकाम शिकवावयाचे. रविवारी मुलांची शाळा भरवावयाची. आजारी बायकांच्या उशाशी बसावयाचे. ख्रिस्ती उपासकांच्या समाजास मराठीत ‘मंडळी’ म्हणतात. मिरजेची मंडळी आरंभी अगदीच लहान होती. तिच्यातील कित्येकांना धर्मांतरामुळे घरादाराने टाकलेले. सणावाराला त्यांना जावयास घर नाही, लेकीबाळींच्या सोयरिकी जुळवावयास भाऊबंद नाहीत. अशा माणसांना परदेशी डॉक्टरच्या घरचा दरवाजा हाच माहेरचा दरवाजा होता. आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर, स्वतःच्या माहेराला कायमचे अंतरलेल्या त्या परदेशी बाईलाही या मंडळीवाचून दुसरे कोण होते? एकमेकांना पोरक्या झालेल्या माणसांनी एकमेकांचा संसार सावरावा, असे हे नाते होते.

इस्पितळातही स्त्रीचे असणे अत्यावश्यक होते. आपल्याकडील कुलीन घराण्यातील स्त्री परपुरुषाला नाडी दाखविण्यासही तयार नसे. पडद्याआडून दुखणे सांगितले जाई. अशा वेळी डॉक्टरच्या पत्नीचे आश्वासक दर्शन हेच पहिले औषध होई. पुढे मिरजेस परिचारिकांना शिक्षण देण्याची सोय झाली आणि अनेक मराठी मुली तेथून शिकून बाहेर पडल्या. आज परिचारिकेच्या पांढऱ्या पोशाखाला समाजात मान आहे. त्या काळी परक्याची शुश्रूषा करणाऱ्या तरुण मुलीकडे लोक संशयाने पाहत. हा मान मिळविण्यासाठी पहिल्या पिढीतील मुलींनी काय काय सोसले असेल!

एकट्या डॉक्टरने किती रोगी पाहावेत? हा प्रश्न वानलेस यांच्यापुढे फार लवकर उभा राहिला. मदतनीस परदेशातून मागविणे परवडणारे नव्हते आणि येतील तेही थोडेच. तेव्हा त्यांनी १८९७ साली मिरजेतच वैद्यकीय शाळा काढली. हिंदी तरुणांनी येथेच शिकावे, येथल्याच इस्पितळात हात बसवावा आणि गावोगाव जाऊन दवाखाने चालवावेत, अशी त्यांची योजना होती. मिशनने हिंदुस्थानात काढलेल्या वैद्यकीय शाळांत ही अगदी आरंभीची. तिच्यातून शिकलेले वैद्य दूरदूरच्या प्रांतांत पसरले. माझ्या मते वानलेस यांचे सर्वांत मोठे शहाणपण यातच आहे. जो आपले ज्ञान स्वतःपाशी ठेवतो त्याची कीर्ती त्याच्याबरोबर जाते. जो ते वाटतो त्याचे हात त्याच्यामागेही काम करीत राहतात.

हा काळ सुखाचा नव्हता. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वर उद्‌भवला आणि दोन-तीन वर्षांतच तो आगगाडीच्या वाटेने पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड येथवर पसरला. गावेच्या गावे ओस पडून लोक रानात झोपड्या बांधून राहू लागले. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले. जी आगगाडी रोग्यांना इस्पितळाकडे आणी, तीच आता रोगही आणू लागली. अशा दिवसांत ज्याला परत जावयास स्वतःचा देश होता, तो माणूस येथेच राहिला, ही गोष्ट लोक विसरले नाहीत. १९०० च्या सुमारास मिरजेत महारोग्यांसाठीही आश्रयस्थान उघडण्यात आले. महारोग्याला त्या वेळी गावकुसाबाहेर काढीत. सख्खी माणसेही भाकरी लांबून टाकीत. आज या रोगावर हमखास औषधे आहेत आणि तो पूर्ण बरा होतो. त्या काळी औषध असे काही नव्हतेच. जेथे औषध नाही तेथे डॉक्टरने काय करावे? जखमा धुवाव्यात, स्वच्छ अंथरूण द्यावे आणि माणसाला माणूस म्हणून हाक मारावी, एवढेच हाती होते. ते त्यांनी केले.

आणि मग १९०६ साल उजाडले. त्या वर्षी मेरीबाईंना पटकीने गाठले. आपल्या देशात पटकी म्हणजे कॉलरा दर पावसाळ्यात गावोगाव फिरे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दिसत नसे. शिरेतून मिठाचे पाणी देऊन रोग्याला वाचविण्याची रीत तेव्हा अजून रुळावयाची होती. ज्याने हजारो परक्यांना मृत्यूच्या दारातून ओढून आणले, त्या शस्त्रवैद्याच्या घरात मृत्यू शिरला तेव्हा त्याची सारी विद्या निरुपाय झाली. सतरा वर्षांचा संसार संपला. ज्या मुलखातील बायकामुलांसाठी मेरीबाईंनी आपला देश सोडला, त्याच मुलखातील रोगाने त्यांचा घास घेतला.

हा प्रसंग वाचताना माझ्या मनात नेहमी एक प्रश्न येतो. यानंतर डॉक्टर परत गेले असते तर त्यांना कोणी बोल लावला असता काय? वय एक्केचाळीस, हाती असामान्य कौशल्य, मायदेशी सर्व सुखे सज्ज. परंतु ते राहिले. नुसते राहिले नाहीत, तर यापुढे आणखी दोन तपांच्या जवळपास त्यांनी काम केले. १९०७ साली लिलियन हॅव्हन्स यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि या दुसऱ्या सहधर्मचारिणीनेही मिरजेच्या कार्यास वाहून घेतले. पुढे पतीच्या पश्चात त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले तेही लिलियनबाईंनीच. मेरीबाईंचे नाव कोल्हापुरातील मिशनच्या इस्पितळास देण्यात आले. आपल्याकडील हजारो बाळांचा जन्म ज्या इस्पितळात झाला, त्याच्या पाटीवरील ‘मेरी वानलेस’ ही बाई कोण, हे त्या बाळांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

क्षयरोग हा त्या पिढीचा आणखी एक काळ होता. त्यावर औषध निघावयास १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. तोपर्यंत उघडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच काय तो उपाय. आणि खोकणाऱ्या रोग्याला घरातील मुलाबाळांपासून दूर ठेवणे ही दुसरी निकड. म्हणून १९२० च्या सुमारास सांगली व मिरज यांच्या दरम्यानच्या मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्याच्याभोवती वस्ती वाढली, आणि तीच ही वानलेसवाडी. आरंभी जे नाव मी तुम्हांस सांगितले, त्याच्या मुळाशी असे शेकडो रोग्यांचे श्वास आहेत.

सरकारने वानलेस यांचा कैसर-इ-हिंद पदक देऊन गौरव केला आणि १९२८ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन मायदेशी गेले. तेथेही त्यांना मिरजेचा विसर पडला नाही. १९३२ साली त्यांनी हिंदुस्थानातील आपल्या वैद्यकीय कार्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे त्यांचे निधन झाले. मिरजेच्या इस्पितळाला त्यांचे नाव मिळाले, डॉ. व्हेल आदी त्यांच्या सहकाऱ्यांनी व त्यांच्यामागून हिंदी डॉक्टरांनी ती परंपरा पुढे चालविली. १९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. एका तालुक्याच्या गावी दवाखान्यांची व शस्त्रवैद्यांची जी दाटी पुढे झाली, तिचे बीज १८९४ सालच्या त्या इस्पितळात आहे. अशाच कार्याची एक शाखा कोकणात वेंगुर्ल्यासही वाढली. आंबोलीच्या घाटाखालील माझ्या कोकणी बांधवांना तिचा फार आधार झाला.

आता एका नाजूक गोष्टीविषयी बोलले पाहिजे. ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वानलेस हे केवळ डॉक्टर म्हणून आले नव्हते. आपला धर्म सांगावयास आले होते आणि त्यांनी ते कधी लपविलेही नाही. त्यामुळे काहीजण म्हणतात, ही सेवा नव्हे, हा धर्मप्रसाराचा मार्ग. या म्हणण्याचा विचार करावयास हवा. औषधाच्या निमित्ताने रोग्याला प्रवचन ऐकावयास बसविणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात आणि माझ्याही मनात ते आहेत. दुबळ्या अवस्थेतील माणसाला आपली श्रद्धा सांगताना फार जपले पाहिजे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मिरजेहून बरे होऊन परतलेल्या बहुसंख्य रोग्यांनी आपला देव बदलला नाही. ते विठोबाला गेले, यल्लम्माला गेले, दर्ग्याला गेले. आणि तरीही पुढच्या वर्षी त्यांचीच माणसे त्याच इस्पितळात आली व त्यांच्यावर तशीच शस्त्रक्रिया झाली. जेथे फळाची आशा धरून पेरणी केली असते, तेथे पीक आले नाही की शेतकरी शेत सोडतो. या माणसाने शेत सोडले नाही. त्यावरून त्याच्या सेवेची परीक्षा करावी हे उचित.

आणखी एक गोष्ट आपण सीमेवरच्या माणसांनी ध्यानी घ्यावी. वानलेस यांच्या काळी मिरज व सांगली ही पटवर्धनांची संस्थाने होती, कोल्हापूर छत्रपतींचे होते, बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९४८-४९ साली संस्थाने विलीन झाली, १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव-निपाणी एका राज्यात आणि मिरज दुसऱ्या राज्यात गेले. सीमा बदलली, पाट्यांवरील अक्षरे बदलली. पण दुखण्याने विव्हळणाऱ्या माणसाची गाडी मिरजेच्याच वाटेने जात राहिली. रुग्णाच्या वेदनेला मराठी-कानडी कळत नाही. आपल्या भाषेवर आपण अवश्य प्रेम करावे. मी तर भाषेचाच शिक्षक आहे. तथापि, शेजाऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा उणी होत नाही, हे त्या परदेशी माणसाने आपल्या मराठीने दाखवून दिले. त्याने ती भाषा वाद जिंकण्यासाठी आत्मसात केली नव्हती. म्हातारीला कोठे दुखते, हे तिच्याच शब्दांत समजून घेण्यासाठी ती केली होती.

तुमच्यापैकी कोणी पुढे डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहील. प्रत्येकाला मिरजेसारखे कार्यक्षेत्र मिळेल असे नाही. परंतु ज्या गावी आपण पोट भरावयास जातो, त्या गावचे आपण काही लागतो, ही जाणीव प्रत्येकाला ठेवता येईल. पुढे कधी तुम्ही मिरजेच्या गाडीत बसलात आणि वानलेसवाडीचे नाव कानी पडले, तर त्या नावात दोन नावे आहेत हे आठवा. एक चाळीस वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी गेले. दुसरे पुन्हा माघारी गेलेच नाही.